काचांवरची वाफ

यातला एक शब्दही पदरचा नाही. यामिनी माझी सख्खी मावसबहीण. टेक्सासमध्ये, प्लेनोला राहते. तिने हे मला एकदाच सांगितलं.

गेल्या फेब्रुवारीत ती आणि तिचा नवरा नकुल नॉर्दर्न लाइट्स, आकाशात नाचणारा तो हिरवा उजेड, बघायला अलास्काला गेले होते. फेअरबँक्सपासून तासाभरावर, जंगलात एकच केबिन. बाहेर उणे तीस.

नकुल बाहेरून आत आला की त्याचा चष्मा क्षणात पांढराफटक व्हायचा. मग तो मुद्दाम चाचपडायचा.

"बाई, इथे माझी बायको राहते का?"

"राहते. पण तिने तुम्हाला टाकलंय," म्हणत यामिनी स्वेटरने काचा पुसून द्यायची. चष्म्याची काडी प्रवासात मोडली होती. ती तिनेच लाल दोऱ्याने बांधली होती.

त्या रात्री आकाश हिरवं झालं. नकुल ट्रायपॉड घेऊन पळाला.

"यामू, जॅकेट घाल आणि ये लवकर!"

ती बूट चढवत होती, आणि...

धाड!

दारावर कुणीतरी अंग आपटलं.

"यामू, दार उघड! मारतंय ते मला!"

नकुलचाच आवाज. ती कडीकडे धावली. धावताना खिडकीबाहेर नजर गेली...

नकुल समोरच उभा होता. ट्रायपॉडपाशी. पाठमोरा, मान वर करून.

मग दारात कोण?

तिने खिडकीची काच बडवली. त्याने वळून पाहिलं नाही.

धाड. धाड. बिजागरी सुटायला लागली. काहीतरी कडकन मोडलं... लाकूड नव्हतं ते.

"यामू... उघड ना गं..."

डोळ्यांना दिसलं ते तिने खरं मानलं. दाराला पाठ लावून, सगळा जोर लावून ती उभी राहिली. प्रत्येक आघात तिच्या मणक्यात उतरत होता. किंकाळी आली. मग बर्फावरून काहीतरी जड फरफटत गेलं...

शांतता.

थोड्या वेळाने साधी टकटक झाली.

"आलीच नाहीस! काय आकाश होतं!"

नकुल. अंगावर ओरखडासुद्धा नाही. ती त्याच्या गळ्यात पडून रडली.

सकाळी दाराबाहेर गोठलेलं रक्त होतं. फरफटीची खूण झाडांत गेली होती. आणि बर्फात एक चष्मा... फुटलेला. काडीला लाल दोरा. तिचीच गाठ.

आत नकुल बॅग भरत होता. त्याच्या नाकावरही चष्मा होता. तोच दोरा, तीच गाठ.

तेव्हा तिला आठवलं. रात्री तो आत आला, तेव्हा काचा स्वच्छ होत्या.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. यामिनीने उकळता चहा आणला. पहिल्याच घोटाला माझा चष्मा वाफेने भरला. मी तो काढला आणि नकुलकडे पाहिलं. तो कपावर वाकून पीत होता.

त्याच्या काचा... लख्ख.

त्याने मान वर केली. माझ्याकडे बघून हसला. हात पुढे केला.

"दे, पुसून देतो."

मी चष्मा दिला नाही.

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. हातातला कप टाकून यामिनी धावली, आणि कोण आहे हे न बघताच तिने दार सताड उघडलं.