चार बोटं खाली

१९५९ साल. त्या उन्हाळ्यात बेकर्सफील्डचं डांबर इतकं तापायचं की सँडल रस्त्याला चिकटायच्या, आणि मी एकोणीस वर्षांची होते. डॅडींचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं. मशीन मी चालवायचे, गिऱ्हाइकांशी भांडायचं काम त्यांचं. कापसाचा हंगाम संपला की मी लॉस एंजेलिसला आत्याकडे जायचं आणि तिथे कारखान्यात नोकरी धरायची, असं घरात ठरलेलं होतं.

भंगारवाड्यात एक मोडीत निघालेली बस आली होती. तिच्या सीटांचं लाल कातडं मला हवं होतं. मी आत बसून टाके उसवत होते, तेवढ्यात पायाखालच्या फळ्यांच्या फटीतून आवाज आला.

"मिस, जरा पाय आपटू नका. गंज सगळा माझ्या डोळ्यांत पडतोय."

खाली वेंडेल होता. बसच्या डिझेल इंजिनावरचा ब्लोअर सोडवत होता. तो त्याला आपल्या जुन्या गाडीवर सुपरचार्जर म्हणून बसवायचा होता. अ‍ॅल्युमिनियमची जडशीळ पेटी, पोटात पीळ दिलेली दोन चाकं, काम एकच… इंजिनात हवा कोंबायची. पण तिला घरी न्यायला त्याच्याकडे काही नव्हतं. मित्र गाडी घेऊन पसार झाला होता. माझ्याकडे डॅडींचा ट्रक होता.

"सोडते," मी म्हटलं. "पण तेल गळलं तर माझ्या कातड्यावर नाही, तुमच्या मांडीवर."

सगळी वाट तो ते धूड मांडीवर घेऊन बसला. उतरला तेव्हा त्याची पँट वाया गेली होती, आणि मिस म्हणायचं विसरून तो मला वर्ना म्हणायला लागला होता.

त्याची गाडी म्हणजे बत्तीस सालची फोर्ड, छत कापून ठेंगणं केलेलं. तिची सीट शिवायचं काम मी मागून घेतलं. मापं घ्यायला एकदा गेले असते तरी चाललं असतं. मी रोज संध्याकाळी जायला लागले. तो इंजिन उघडून बसलेला असायचा. जास्त हवा द्यायची तर आधी बुटके पिस्टन घालावे लागतात, तो सांगायचा. आत जागा न करता कोंबलं, तर इंजिन स्वतःलाच फोडून घेतं.

"माणसांचंही तसंच असेल," मी म्हटलं.

तो घाईघाईने पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता.

बॉनेटला भोक पाडून ब्लोअर वर आला, त्याच्या डोक्यावर दोन कार्बुरेटर. माझी लाल सीट बसली. पहिल्यांदा निघालो तेव्हा गाडी अशी शीळ घालत पळाली, की पेट्रोलपंपावरची माणसं नळी हातात धरून बघत राहिली. सीट कशी आहे, मी विचारलं. झकास, तो म्हणाला. पण मान सारखी खिडकीबाहेर काढत होता. मला वाटलं, ऐट करतोय.

मग एका शनिवारी, तिठ्यावर, उजवीकडून शेतकरी मिस्टर पर्विसांचा कापसाने भरलेला ट्रेलर आला. मी ओरडले. ब्रेक करकचले… आणि गाडीचं नाक कापसात घुसलं. केसांत कापूस, पापण्यांवर कापूस. पर्विस ट्रॅक्टरवरूनच म्हणाले, "पोरा, डोळे घरी ठेवून आलास का?"

मग खरं बाहेर पडलं. ब्लोअरची उंची त्याने बेतली होती पीचच्या खोक्यावर, मान वाकवून बसून. माझी सीट त्या खोक्यापेक्षा चार बोटं खाली होती. डावीकडच्या स्टिअरिंगमागे बसलं, की ब्लोअरच्या आड उजवा रस्ता त्याला दिसतच नव्हता.

"सांगितलं का नाहीस?"

"तू दोन महिने शिवलीस ती."

उशी भरून वर उचलावी, तर डोकं छताला लागत होतं.

रविवारी चर्चमध्ये डॅडींच्या कानावर गेलं. ज्याला समोरचं दिसत नाही त्याच्या शेजारी माझी पोर बसायची नाही, त्यांनी बजावलं. दुपारी मी गेले, तर वेंडेल ब्लोअरचे बोल्ट सोडायला बसला होता. मी बोल्टांवर हात ठेवला.

"राहू दे."

"तुझे डॅडी…"

"त्यांचं मी बघते. उजवीकडचं सांगणारं कोणी शेजारी असलं, की झालं ना?"

"कापूस संपला की तू जाणार ना? सगळं गाव म्हणतंय."

"गावालाही उजवीकडचं दिसत नाही."

माझ्या हाताशेजारचा सैल बोल्ट त्याने पुन्हा आवळला. "वर्ना… मला उजवीकडचं कधीच दिसणार नाही. म्हणजे, तू नसलीस तर."

"ही मागणी आहे का?"

"हो… बहुतेक."

"मग आधी तो पाना खाली ठेव."

डॅडी स्वतः एक चक्कर मारून आले, माझ्या जागेवर बसून. केस उभे राहिले होते. शिवण चांगली झालीय, एवढंच म्हणाले.

आत्या रुसली ती रुसलीच, पण लग्नात हाताने शिवलेली गोधडी पाठवली. मिस्टर पर्विस नव्वदी ओलांडून गेले. चर्चच्या प्रत्येक जेवणात त्यांनी कापसाची गोष्ट सांगितली आणि दर वर्षी ट्रेलर मोठा होत गेला. डॅडी चौऱ्याहत्तर साली दुपारच्या झोपेत गेले. फोर्ड आता आमच्या लेकीकडे, नेल्डाकडे आहे. तिने ब्लोअर उतरवला नाही, सीटही बदलली नाही. तिचा नवरा शेजारी बसतो.

वेंडेलची नजर गेल्या काही वर्षांत फारच अधू झाली. आता आमची लहानशी गाडी मी चालवते. तिठा आला की तो पुढे वाकतो, मान वळवतो आणि ठामपणे सांगतो, "उजवीकडे मोकळं आहे."

मी हळूच एकदा स्वतः बघून घेते. आणि निघते.