अठरा दिवसांचं बियाणं

‘शेतीतल्या दहा हजार वर्षांच्या अंदाजपंचे कारभाराचा आज अंत होत आहे,’ असं बियाण्यासोबत आलेल्या पुस्तिकेच्या पहिल्याच वाक्यात छापलेलं होतं. ही पुस्तिका अकरा वर्षांपूर्वी धोंडखेड्यात विश्वंभर आप्पांच्या घरी आली आणि तेव्हापासून ती पिठाच्या डब्याखाली आहे. तिथली फरशी एका बाजूने खचलेली आहे.

डबा अजून हललेला नाही. बाकी कारभाराचं तसं सांगता येत नव्हतं. बारा जुलैच्या सकाळी आप्पांची मुलगी मंदाकिनी बांधावर उभी होती. तिच्या डाव्या हाताला चार एकर मका वीतभर वर आला होता. उजव्या हाताला नऊ एकर सोयाबीन होतं, म्हणजे असायला हवं होतं. पेरून चौदा दिवस झाले होते. काळ्या रानात एकही हिरवा ठिपका नव्हता.

एकविसाव्या शतकाचं साठावं वर्ष उजाडेपर्यंत पावसाने वेळापत्रक पाळणं सोडून दिलं होतं. जूनमध्ये दोन तासांत पंधरवड्याचा पाऊस पडे, आणि मग तीन-तीन आठवडे ढग फिरकत नसत. पेरलेलं सोयाबीन ओल लागताच फुगे, फुटे आणि पुढचं पाणी न मिळाल्याने मातीतच मरे. मग दुबार पेरणी. काहींची तिबार. यावर उपाय म्हणून संशोधन केंद्राने ‘स्मरणी’ सोयाबीन काढलं. कल्पना साधी होती. रोप दुष्काळ सोसतं तेव्हा त्याच्या जनुकांवर रासायनिक खुणा उमटतात. पोथीतला मजकूर तोच राहतो, फक्त एखाद्या पानावर ‘हे सध्या वाचू नये’ अशी चिठ्ठी चिकटते. या चिठ्ठ्यांना शास्त्रज्ञ ताणखुणा म्हणतात. पुढच्या पिढीला कोरी सुरुवात मिळावी म्हणून निसर्ग बी तयार होताना बहुतेक ताणखुणा पुसून टाकतो. केंद्राने ही पुसापुशी थांबवली. त्यामुळे आईने सोसलेलं बीला आठवू लागलं, आजीने सोसलेलंही. पेरल्यावर किती थांबायचं हे ते मागच्या अनुभवावरून ठरवी आणि तोवर टरफल मिटून बसून राही. अट एकच होती. दरवर्षी घरचंच बियाणं राखायचं.

मंदाकिनी बेचाळीस वर्षांची. जिल्ह्याच्या गावी सतरा वर्षं भूजल खात्यात काढून, आईच्या मागे आप्पा एकटे पडले म्हणून ती परत आली होती. आप्पांचे गुडघे गेले आणि यंदा पेरणी पहिल्यांदा तिच्या हाती आली. तिने सगळं पुस्तकाबरहुकूम केलं. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे गुंडाळून ठेवले, त्यांतले एक्क्याण्णव उगवले. अंगणात पर्जन्यमापक रोवला. शंभर मिलिमीटर झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही, म्हणजे पेरायचंच नाही, असं ठरवलं. एकशे चार झाल्यावर, अठ्ठावीस जूनला तिने सोयाबीन आणि मका एकाच दिवशी पेरले.

आप्पांनी मिलिमीटर कधी मोजले नव्हते. मृग लागला, माती नुसती शिंपडल्यासारखी झाली, की ते आठ नाहीतर नऊ जूनला पेरून मोकळे होत. कारण बांधापलीकडे होतं. तिथे त्यांचा चुलतभाऊ गंगाधर राहत असे आणि मृगाला त्याचा ट्रॅक्टर सुरू होई. गंगाधरच्या मागून पेरणं आप्पांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ते घाईने पेरत आणि पाऊस हटकून अडीच-तीन आठवडे दडी मारी. पहिली तीन वर्षं निम्म्याहून जास्त बियाणं मेलं. चौथ्या वर्षापासून मात्र त्यांचं सोयाबीन थांबून थांबून नेमकं पावसासोबत वर येऊ लागलं. गावात बोलबाला झाला, की विश्वंभर आप्पाला पाऊस कळतो. लोक विचारायला येऊ लागले. आप्पा आधी आकाशाकडे बघत, मग गंगाधरच्या गोठ्यातल्या ट्रॅक्टरकडे, आणि तारीख सांगत.

बारा जुलैलाच दुपारी केंद्रातून डॉ. सुलभा मिरीकर आल्या. स्मरणीच्या ताणखुणा वाचण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी रानात बसून खुरप्याने माती उकरली, पाचसहा दाणे तळहातावर घेतले, हातातल्या यंत्रात घातले आणि बराच वेळ आकडे पाहिले. आप्पा बाजेवर बसून हे सगळं समाधानाने बघत होते. पोरीचं पेरलेलं उगवलं नाही याचं त्यांना वाईट वाटत होतं, पण फार नाही.

दाणे जिवंत असल्याचं डॉक्टरबाईंनी सांगितलं. ते थांबलेत. पेरल्यापासून अठरा दिवस थांबतील आणि पुढच्या पाच दिवसांत वर येतील.

“पण पाऊस तर पेरणीआधीच झालाय,” मंदाकिनी म्हणाली. “आणि आता तीन आठवडे नाही म्हणतायत. हे कोरड्यात उठून मरायचं.”

“बरोबर.”

“मग हे शहाणं कसलं? हवामान कळतं ना याला?”

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. बियाण्याला हवामान कळत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्याला फक्त ठरलेलं कळतं. पेरणीयंत्राचा हिसका, खोलीवरचा दाब, आणि त्यानंतर टिकाऊ ओल यायला गेलेले दिवस. जे पुन्हापुन्हा तसंच घडतं ते आठवणीत पक्कं होतं. गोणपाटावर दाणे उगवले, कारण तिथे त्यांना कुणी पेरलेलं नव्हतं.

“पाऊस दरवर्षी वेगळा,” त्या म्हणाल्या. “या शेतात अकरा वर्षं न बदललेली गोष्ट एकच दिसते.”

मंदाकिनीने बाजेकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनीही पाहिलं. आप्पांनी आधी मिशीवरून हात फिरवला. मग तो हात मध्येच थांबला.

“म्हंजे मॅडम, मी अकरा वर्सं चुकलो?”

“हो. पण अतिशय नियमितपणे.”

बियाण्याने पावसाचा नव्हे, आप्पांचा अभ्यास केला होता. हा माणूस पेरतो तेव्हा अठरा दिवस लवकर पेरतो, एवढं त्याच्या हाडीमासी खिळलं होतं. यंदा कुणीतरी वेळेवर पेरलं, आणि बियाण्याने नेहमीप्रमाणे त्यात अठरा दिवस मिळवले.

मंदाकिनीने विचारलं, की याला नवी सवय लावता येईल का. येईल, डॉक्टरबाई म्हणाल्या, तीन-चार पिढ्या लागतील. पहिल्यांदा लागल्या होत्या तशाच, आणि निम्मं-निम्मं मरूनच. तोवर बियाणं तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. दुकानातलं साधं आणलं तर ते आठवण ठेवणार नाही, पण पावसाच्या पहिल्या खंडात मरेल. मग त्यांनी वही काढली. पुढल्या वर्षीपासून पेरणीचा निर्णय आप्पांनीच घ्यावा, त्यांना कुणी सल्ला देऊ नये आणि पर्जन्यमापक त्यांच्या नजरेआड ठेवावा, असं लिहून त्याखाली सही केली. कागद देताना त्यांनी आवाज उतरवला, पण पुरेसा नाही.

“आणि मंदाताई, आप्पा आहेत तोवर हे कसं चुकतात ते नीट शिकून घ्या. त्यांच्यानंतर कुणाला तरी तसंच चुकावं लागेल.”

आप्पांनी ते ऐकलं. बाजेवरून उठायला त्यांना वेळ लागला. लेक असो की शेजारी, कुणी हात दिलेला त्यांना चालत नसे, म्हणून मंदाकिनीने दिला नाही. ते आत गेले आणि त्या दिवशी चहा आला तरी बाहेर आले नाहीत.

विहिरीचं पाणी तीन एकरांना पुरलं. अठराव्या दिवशी तिने तेवढ्यावर तुषार लावले आणि तेवढं जगलं. सहा एकर डोळ्यांदेखत गेलं. पुढच्या पेरणीसाठी त्या तीन एकरांतलंच बियाणं राखलं. डॉक्टरबाईंनी फोनवर कळवलं, की अठराव्या दिवशी पाणी मिळाल्यामुळे बियाण्याची खात्री आता आणखी पक्की झाली आहे.

दुसऱ्या वर्षी मृग जवळ आला. मंदाकिनीने पर्जन्यमापक उपटून कडब्याच्या गंजीमागे ठेवला. आठ जूनला चार थेंब पडून गेले. आप्पा बाजेवरून हलले नाहीत. आदल्या वर्षीपासून त्यांचं बोलणंच कमी झालं होतं. गावातलं कुणी विचारायला आलं, की ते म्हणत, मला काय विचारता, मी चुकणारा माणूस.

ती बांध ओलांडून गंगाधरकडे गेली.

“काका, तुमचा ट्रॅक्टर यंदा सुरू नाही केला?”

“करतो की. उन्हाळाभर उभा असतो, मृगाला एकदा इंजिन चालवून बघावं लागतं.” गंगाधरने तिच्याकडे रोखून पाहिलं. “पण मी पेरीत नाही हां तेव्हा. कधीच नाही. तुझा बाप पेरतो, त्याचं काय होतं ते बघतो आन् मग पेरतो.”

नऊ तारखेला सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला. मंदाकिनीच्या शब्दाखातर गंगाधरने बांधाकडेने दोन फेऱ्याही मारल्या. आप्पांनी मान वर केली, ऐकलं.

“इंजिन बघतोय त्यो,” ते म्हणाले. “आवाजाला भार नाही. औत जोडलेलं नाही मागं.”

“आप्पा, काका पेरून मोकळे होतील.”

“होऊ दे. आपण शंभर मिलिमीटर होऊ दे मंदे. ते गाडगं कुठं ठिवलंस तू, आण बघू.”

चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात आप्पांचं पावसाबद्दलचं पहिलं बरोबर मत हे होतं. आणि ते बरोबर होतं म्हणूनच नऊ एकर आणि बारा पिढ्यांचं बियाणं त्याने मरणार होतं. सांगायचं ते डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलेलं होतं.

तिने स्वतः पेरणीयंत्र जोडलं. आप्पा काठी टेकत बांधापर्यंत आले. माती बोटाने उकरून त्यांनी तिला दाखवली, वरची कातडी ओली, खाली भाजलेली.

“धुळीत पेरू नको, पोरी. समद्याचं वाटोळं होईल. माझं ऐक.”

त्यांचा आवाज तिला ओळखीचा वाटला. आई दरवर्षी मृगाला याच बांधावर याच सुरात आप्पांना विनवायची, आणि आप्पा तिला काय उत्तर द्यायचे तेही मंदाकिनीला आठवलं.

“तुम्हाला काय कळतंय त्यातलं,” ती म्हणाली आणि चाड्यात मूठ टाकली.

तिला वाटलं होतं, हे आपण नाटक म्हणून म्हणतोय. पण पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज तिसऱ्यांदा आला आणि तिने खरोखरच वेग वाढवला.

आप्पा बांधावर बसून राहिले. नऊ एकर होईपर्यंत उठले नाहीत. पुढचे पंधरा दिवस ते रोज सकाळी कोरडी माती मुठीत घेऊन बघत आणि परत ठेवत.

चोवीस जूनला पाऊस लागला आणि दोन दिवस पडला. जमिनीला वाफसा आल्यावर, सत्तावीस तारखेला मंदाकिनीने बांधाकडेच्या चार एकरांत मका पेरला. मक्याचं बियाणं दरवर्षी दुकानातून पिशवीत येतं. त्याला मागचं काहीही आठवत नाही.

सोयाबीन दोन जुलैला वर आलं. मकाही दोन जुलैलाच आला.