तिसावा दिवस

बाटलीतल्या मेलेल्या माशावर अकरा पांढरे ठिपके होते. प्रत्येक मिठाच्या कणाएवढा. भिंगातून मी ते दोनदा मोजले होते.

छावणीतल्या एका दुकानात चष्म्याची काडी बसवायला दिली होती. तेवढ्या वेळात समोरच्या माशांच्या दुकानात शिरले. बाटली पिशवीत होतीच. दुकानदारानं ती उजेडात धरली.

"समुद्रातला. आणला आणि सरळ मोठ्या टाकीत सोडला ना?"

"हो."

"मग रोग लागून बाकीचेही गेले असतील."

"पाचही." ती टाकी कॉलेजची आहे आणि मी तिथं प्राणिशास्त्र शिकवते, हे सांगायचं मी टाळलं.

"कुठं शिकवता मॅडम?" तो हसत म्हणाला. "भिंग बाहेर लोंबतंय पिशवीच्या."

त्याचं नाव प्रणय. त्याच्याकडे नुकताच एक नारिंगी क्लाउनफिश आला होता. मी तो मागितला.

"नाय. आधी तीस दिवस वेगळ्या टाकीत. एक जरी ठिपका दिसला, तर औषध… आणि मोजणी पुन्हा एकपासून."

"मी फक्त माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवते."

"मग येत जा रोज. मला काय, चांगलंच आहे."

मी जाऊ लागले, कॉलेज सुटल्यावर, भिंग आणि वही घेऊन. छोटी टाकी, तळाला वाळू नाही, लपायला पाइपचा एक तुकडा. त्या टाकीची जाळीसुद्धा वेगळी. बाराव्या दिवशी शेपटीवर खरोखरच ठिपका आला. प्रणयनं औषधाचे थेंब टाकले, मी मोजले. वहीत पुन्हा 'दिवस पहिला' लिहिलं.

"इतकं बारीक का बघता?" त्यानं एकदा विचारलं.

"एकदा बघितलं नव्हतं. तिसऱ्या भेटीतच साखरपुडा केला… मोडला."

त्यानं चहाचा कप माझ्या वहीपासून जरा लांब, जपून ठेवला. ते मी पाहिलं.

दुसऱ्या फेरीच्या एकोणतिसाव्या दिवशी तो टाकीकडे बघतच म्हणाला, "उद्या मासा नेलात की तुम्ही यायच्या नाय… अंबिका, माझ्याशी लग्न कराल?"

माझ्या श्वासानं हातातलं भिंग धुरकट झालं.

"मासा टाकीत सोडला की सांगते."

दुसऱ्या दिवशी माशाच्या डाव्या पंखावर पांढरं काही चमकलं. मी बघत असतानाच ते सुटलं आणि वर गेलं. हवेचा बुडबुडा. मी वहीत लिहिलं : 'ठिपका, एक.' माझ्या वहीतली ती पहिली खोटी नोंद.

"ठिपका?" प्रणयनं विचारलं.

"हो."

"बरं. मग पुन्हा एकपासून."

त्याची आई, चंपाबाई, गल्ल्यावरून ओरडल्या, "अगं बाई, हर्सूलच्या जेलातली माणसं सुटून घरी गेली, तुमचा मासा काय सुटंना!"

आणखी तीस दिवस गेले. मी रोज गेले. त्यानं उत्तर एकदाही मागितलं नाही. माझी खुर्ची मात्र रोज पुसलेली असे.

आज तिसावा. प्रणयनं प्लास्टिकची पिशवी तयार ठेवली होती. मी भिंग लावलं. डाव्या पंखावर पांढरं काहीतरी होतं.

"काय आहे?" त्याचा आवाज जरा बारीक झाला.

लेखणी वहीवर टेकली होती. एक शब्द लिहिला असता, तर अजून महिनाभर इथं येता आलं असतं.

"बुडबुडा," मी म्हणाले. "मागच्या वेळीही बुडबुडाच होता."

"माहितीय. म्हणून तर तेव्हा औषध टाकलं नाय. चांगल्या माशाला औषध कशाला?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वेळ पाहिजे होता."

त्यानं मासा पिशवीत घेतला, रबर लावलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. पाणी कोमट होतं. मासा स्वच्छ होता, एकही डाग नाही.

"अजून टाकीत सोडला नाय हां," तो हळूच म्हणाला. "कॉलेजात जाऊन सोडा. मग सांगा."

"तेवढा धीर नाही आता," मी म्हणाले. "प्रणय… मला तुमच्याशी लग्न करायचंय."