आप्पांचं नाव पुसलं तेव्हा

ऐकून खोटं वाटेल. वाटू दे. पण बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या गल्लीत, गेल्या श्रावणात भर दुपारी हे घडलं आहे.

सुवर्णा एका कंपनीत वेबसाइट बनवते. आपल्या गल्लीतल्या विणकरांसाठी तिनं हौसेनं एक साइट केली होती. जिथून सगळी माहिती भरायची, तो ॲडमिनचा भाग 'जँगो' या वेबसाइट बनवण्याच्या साधनात तयारच मिळतो. पण तयार गोष्टीवर समाधान मानेल ती सुवर्णा कसली! तिनं सगळे रकाने मराठीत केले. प्रत्येक विणकरापुढं 'शिकवणारा' असा, साइटवर भरलेल्या नावांतूनच निवडायचा रकाना जोडला, कारण माग कुणाच्या हाताखाली शिकलास, हे या गल्लीत आधी विचारतात.

आणि काही पुसताना 'यासोबत हेही जाईल, नक्की?' असं विचारणारं पान तिला कटकटीचं वाटलं. ते तिनं काढूनच टाकलं.

तिथंच घात झाला.

तिचे वडील परशरामआप्पा उन्हाळ्यात वारले होते. स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं की तिला भडभडून यायचं. त्या दुपारी तिनं मन घट्ट केलं आणि ते पुसून टाकलं.

आप्पांचं नाव गेलं...

त्याखालचं राजकुमारचंही गेलं.

राजकुमार तिचा धाकटा भाऊ. आप्पांनीच त्याला मागावर बसवलं होतं. शिकवणारा गेला की शिकलेलाही जावा, अशी जोडणी तिच्याच हातून होऊन गेली होती.

परत भरू, त्यात काय! माहिती विचारायला तिनं राजकुमारला फोन लावला. तो साड्या घेऊन निपाणीला गेला होता.

फोनमधली बाई कन्नडमध्ये म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही.

ती आतल्या खोलीत गेली. सकाळीच राजकुमार ज्या मागावर बसला होता, त्यावर बोटभर धूळ होती...

दारात शेजारच्या जयाबाई उभ्या होत्या. राजकुमारला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं.

"मावशी, राजकुमारचा फोन लागंना!"

"कोन राजकुमार गं?"

सुवर्णाच्या तोंडचं पाणी पळालं. धावत जाऊन तिनं राजकुमारचं नाव पुन्हा भरलं. 'शिकवणारा'मध्ये आप्पा येईनात. त्यांचं नाव आता उरलंच नव्हतं. रकाना रिकामा सोडून तिनं सेव्ह केलं.

लगेच फोन वाजला...

"आक्का, मी कोगनोळीच्या नाक्यावर हाय, पार राज्याच्या हद्दीवर. निपाणी कवाच मागं ऱ्हायली. आप्पा हुतं गं संगं... त्येच गाडी चालवत हुतं. आत्ता उतरलं. तू जा माघारी, म्हणालं."

संध्याकाळी तो सुखरूप घरी आला. त्याच्या गळ्यात पडून सुवर्णा ओक्साबोक्शी रडली.

सकाळी तो मागासमोर उभा राहिला.

"आक्का, ह्ये कसं चालवत्यात गं?"

तो चेष्टा करत नव्हता.

आता तो एका दुकानात कामाला जातो. उपाय सुवर्णाला ठाऊक आहे. आप्पांचं नाव परत भरायचं आणि त्या रिकाम्या रकान्यात निवडायचं.

पण राजकुमारचं नाव भरलं, तेव्हा राजकुमार परत आला होता.

आप्पांचं भरलं तर...

रोज ती नाव टाइप करते. सेव्ह करायला मात्र तिचा हात धजत नाही.