बारशाआधी घेतलेलं नाव

ही गोष्ट खरी आहे. हसायचं त्यांनी खुशाल हसावं, दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मीही हसले असते. मी विमा कंपनीत क्लेम तपासते. लोकांच्या थापा ओळखणं हे माझं रोजचं काम आहे.

ही थाप नाही.

आणि रात्रबित्रही नव्हती. गेल्या दिवाळीनंतरचा शनिवार, भर दुपार, दादर पूर्व.

तिथं एका चर्चचं छोटं वाचनालय आहे, पूर्वजांची माहिती शोधण्यासाठी. जुन्या नोंदींचे फोटो कॉम्प्युटरवर बघायचे आणि त्यावरून आपली वंशावळ भरायची. कुणीही जावं, धर्म विचारत नाहीत. नोंदीही फक्त चर्चच्या नाहीत. तीर्थाच्या ठिकाणी उपाध्ये यजमानांची नावं लिहून ठेवतात ना, त्या वह्यांची पानंसुद्धा तिथं बघायला मिळतात.

मला वंशावळ हवी होती भाचीसाठी.

माझा धाकटा भाऊ हितेंद्र आणि त्याची बायको श्रेया. दोनदा दिवस जाऊन राहिले नाहीत, तेव्हा कुठे ही मुलगी झाली. श्रेयाचं माहेर लांब सावंतवाडीला, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी, नायगावला. मी लग्न केलेलं नाही. त्या घरात मी, ते दोघं आणि आता ती.

नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मी नाव ठरवलं होतं.

मनवा.

बारशापर्यंत कुणाला सांगायचं नाही असं आमच्या घरात आहे. श्रेयाने किती लाडीगोडी लावली, मी दाद दिली नाही. बारशाला पाळण्यामागे वंशावळीची फ्रेम लावायची आणि त्यात शेवटचं नाव तिचं, एवढीच हौस होती.

वाचनालयात ललिता नावाच्या बाई मदतीला होत्या. साठीच्या, शांत. त्यांनी मला बसवून दिलं आणि त्या बाहेरच्या टेबलावर गेल्या. खोलीत मी एकटीच.

पणजोबांचं नाव सापडलं. कुशाबा. खाली मुलगे, म्हणजे आमचे आजोबा आणि त्यांचे भाऊ. आणि शेवटी... 'कन्या एक, मयत, नाव नाही.'

मी तीही भरली. नावाची जागा रिकामी ठेवली. मग सगळ्यात खाली भाचीची चौकट उघडली. तिचीही जागा रिकामीच होती.

तिथं मी 'मनवा' टाइप केलं.

निदान मला तरी असंच वाटलं.

आता खरं सांगते. मला राहवेना. इतके दिवस ते नाव पोटात ठेवलेलं. खोलीत कुणी नाही. मी स्क्रीनजवळ वाकले आणि बारशात आत्या बाळाच्या कानात सांगते तसं हळूच म्हटलं, "कुर्र... मनवा."

आणि माझ्या पाठीत थाप पडली...

हलकी. मग दुसरी. मग पुष्कळ हातांच्या.

बारशाला आत्या नाव सांगायला वाकली की मागून बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. अगदी तशाच.

मी वळले. मागे भिंत होती.

प्रिंट काढली, बॅग उचलली आणि निघाले. मनाला सांगितलं, सकाळपासून जेवलेली नाहीस, चक्कर असेल.

घरी आले तर श्रेया दारातच उभी. चेहरा उतरलेला.

"ताई, बाळ दुपारपासून रडलंच नाही."

"झोपलं असेल गं."

"जागी आहे. भूक लागलीय, तोंड वेडंवाकडं करते. पण आवाज नाही."

डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गळा बघितला, कान बघितले, सगळं नॉर्मल म्हणाले. "रडत नाही म्हणून येणारे तुम्हीच पहिले," असंही म्हणाले. आम्ही कसनुसं हसलो.

दुसऱ्या दिवशी रडणं ऐकू आलं...

मी धावत गेले. श्रेयाही धावली, तिच्या गाऊनला पान्हा फुटून ओल आलेली. पाळण्यात बाळ टक्क जागं होतं. तोंड मिटलेलं.

रडणं स्वयंपाकघरातून येत होतं.

आम्ही दोघी तिथं गेलो, तर थांबलं.

"शेजारचं असेल," मी म्हणाले. शेजारी दोन म्हातारी माणसं राहतात. श्रेयाने माझा हात धरला तो सोडला नाही.

संध्याकाळी फ्रेमवाल्याला द्यायला प्रिंट बॅगेतून बाहेर काढली. तेव्हा प्रथम नीट बघितली.

भाचीची चौकट रिकामी होती.

'मनवा' लिहिलं होतं वर. कुशाबाच्या मुलीच्या जागी.

चुकीची चौकट उघडून मी बसले होते, आणि त्याच चौकटीसमोर वाकून मी नाव घेतलं होतं.

तशीच लालबागला गेले, शांताआत्याकडे. माझ्या वडिलांची बहीण. आमच्या घरातलं जुनं ठाऊक असलेलं आता तेवढंच माणूस. मी सगळं सांगितलं. ती चहा गाळत होती, गाळता गाळता थांबली.

"गो सीमा, ती माझी आत्या. बारशाआधीच गेली. तेचा नाव ठेवूक नव्हता."

"का नाही ठेवलं? गेल्यावर तरी ठेवायचं."

"कित्याक? नाव ठेवला की हाक मारूक येता. हाक मारली की ता येतला." आत्या माझ्याकडे बघेना. "म्हणान तसल्या पोराक नाव देणत नाय. जाऊ दे तेका, असा म्हणतत."

"आणि मी दिलं."

"आत्येनच दिलंस. कुर्र करून दिलंस. बारसा झाला गो तेचा."

मला रडू फुटलं. ऑफिसात मी कडक म्हणून ओळखली जाते, आत्याच्या स्वयंपाकघरात फतकल मारून लहान मुलीसारखी रडले. तिने पाठीवरून हात फिरवला तर मी दचकून बाजूला झाले.

"नाव खोड थयसून," ती म्हणाली. "आणि आपल्या पोरीक दुसरा नाव ठेव."

मी पुन्हा दादरला गेले. ललिताबाईंनी काही न विचारता ती चौकटच काढून टाकली. मला जरा मोकळं वाटलं.

मग त्यांनी पाणी पुढे केलं आणि विचारलं, "आज बाळाला नाही आणलं?"

"कुठलं बाळ?"

"त्या दिवशी जाताना तुमच्या कडेवर होतं ना. मला नवल वाटलं, येताना तर तुम्ही एकट्याच होतात. म्हटलं, मी जरा टेबलावरून उठले तेव्हा घरचं कुणी देऊन गेलं असेल."

मी पाणी न पिताच उठले.

बारसं केलं. नाव ठेवलं ईरा. मी वाकले, कानात सांगितलं, बायका हसल्या, घुगऱ्या वाटल्या. मी बाळाच्या तोंडाकडे बघत होते. ते माझ्याकडे बघत होतं. इतक्या लहान बाळाची नजर ठरत नाही म्हणतात. तिची ठरली होती.

आणि त्याच क्षणी ती रडली. खणखणीत. श्रेयाने देवासमोर साखर ठेवली. हितेंद्र पोरीला छातीशी धरून कितीतरी वेळ उभा होता. मला वाटलं, सुटलो.

आता ती रांगते. गुटगुटीत आहे, हसरी आहे. फक्त 'ईरा' म्हटलं की वळून बघत नाही.

मागच्या आठवड्यात श्रेया तिला भरवत होती. सहज म्हणाली, "ताई, गंमत सांगू? ईरा म्हटलं की हिला कळतच नाही. मी काहीबाही नावांनी हाका मारून बघितल्या. मनवा म्हटलं की लगेच हसते बघा."

माझ्या हातातला कपडा तसाच राहिला.

"हे नाव तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आपोआप तोंडात आलं."

पोर तिच्या मांडीवरून माझ्याकडे बघून हसली.

मी त्या दोघांना काही सांगितलेलं नाही. काय सांगू? एवढ्या वर्षांनी घरात लेकरू आलंय. ज्याला ते उराशी धरतात, ते त्यांचं आहे की नाही, हे मलाच माहीत नाही.

रडण्याचा आवाज अजून येतो. आता फक्त मलाच. मी घरून काम करते त्या दिवशी ते दोघं कामावर गेले, पोर माझ्यासमोर खेळत असली की स्वयंपाकघरातून येतो... बारीक, दमलेला.

काल मी धीर केला. आत गेले, ओट्याखाली वाकले आणि अगदी हळू हाक मारली.

"ईरा..."

रडणं थांबलं.

आणि आतून हुंकार आला.