घंटा वाजेपर्यंत

तो जिन्यात बसला होता. तिसऱ्या मजल्याकडे वळताना जिथे खिडकी आहे, त्या पायरीवर, कमरेत वाकून, उजवा हात पोटावर दाबून. रविवारची सकाळ. खिडकीबाहेर भुरभुर पाऊस चालू होता आणि माझ्या छत्रीचं पाणी पायऱ्यांवर ठिबकत होतं.

मी त्याला ओलांडून दोन पायऱ्या वर गेले. थांबले. परत खाली आले.

"काय होतंय तुम्हाला?"

"पोट..."

"नक्की कुठे?"

त्याने हात जरा खाली सरकवला. उजवीकडे.

"पहिल्यापासून इथेच दुखतंय?"

"नाही... काल बेंबीपाशी होतं. मग इकडे आलं."

माझ्या डोळ्यांसमोर पुस्तकातलं ते पानच उघडलं. भीती वाटली आणि — खरं सांगायचं तर — थोडा आनंदही झाला. अपेंडिक्स! उलटी झाली का, विचारलं. झाली होती. ताप? असेल थोडा. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ चांगलं गार होतं. हे त्या पानाशी जुळत नव्हतं, पण एवढ्या सुंदर लक्षणांत एका कपाळाकडे कोण लक्ष देतं?

"हलू नका. मी ॲम्ब्युलन्स बोलावते."

"अहो, थांबा, थांबा —" त्याने मान वर केली. डोळ्यांत वेदना नव्हती. चांगलीच तारांबळ होती.

तेवढ्यात वरचं दार उघडलं आणि डॉक्टरबाईंनी खाली वाकून पाहिलं. आमचा सरावाचा वर्ग त्याच घेतात. "हे काय, जिन्यातच दुखायला लागलं का तुमचं? आत या. आणि तू गं, वर्गाची मुलगी ना? पेशंटला उठव आणि घेऊन ये."

मी फोन पर्समध्ये टाकला. कान तापले होते.

"सॉरी," तो उठत म्हणाला. "मी नुसती तालीम करत होतो. पण तुम्ही विचारायला लागलात, आणि आमचा नियम आहे... घंटा वाजेपर्यंत भूमिका सोडायची नाही."

"जिन्यात कुठली आलीय घंटा?"

"तेच तर. मला थांबताच येईना."

तर तो खोटा पेशंट होता.

मला वैद्यकीयला जायचं होतं. विज्ञानाची पदवी झाल्यावरही प्रवेश देणारं एक विद्यापीठ आहे, आमच्या शहरापासून बरंच लांब. अर्जाला तीन गोष्टी लागतात. गुण, ते माझ्याकडे होते. 'मला डॉक्टर का व्हायचं आहे' हे सांगणारं एक पानी निवेदन, ते होत नव्हतं. आणि मुलाखत. मुलाखतीत समोर एक खोटा पेशंट बसवतात आणि परीक्षक कोपऱ्यातून बघतात की तुम्ही माणसाशी बोलता कसं. त्याच्याच सरावाला मी या वर्गाला आले होते.

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. विहिरींचं, टाक्यांचं, नळांचं पाणी बाटल्यांतून येतं. मी क्षार बघते, जंतू बघते, आकडे लिहिते. पाणी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं आणि गप्प बसतं. आमचं छान जमतं.

"शेजारीण आली की तू आतल्या खोलीत पळतेस," आई म्हणाली होती. "आणि म्हणे डॉक्टर होणार!"

"अगं, पेशंट काय गप्पा मारायला येतात?" बाबांनी माझी बाजू घेतली.

म्हणजे त्यांनाही तसंच वाटत होतं.

डॉक्टरबाईंच्या वर्गाची एक पद्धत होती. प्रत्येक खोट्या पेशंटला त्या एक गोष्ट देत, जी त्याने आपणहून सांगायची नाही. डॉक्टरने "आणखी काही सांगायचंय?" असं विचारलं आणि खरोखर वाट पाहिली, तरच सांगायची. मग बाई पितळी घंटा हलवत आणि पेशंट पुन्हा माणूस होई.

पुढच्या रविवारी तो हात थरथरणारा सुतार होता. मी सगळं क्रमाने विचारलं. शेवटी म्हटलं, "आणखी काही सांगायचंय?" त्याने श्वास घेतला, ओठ हलले, आणि मी म्हणाले, "नाही ना? बरं."

घंटा.

"अगं, प्रश्नही तूच विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस," बाई म्हणाल्या. "मग पेशंटने घरीच राहावं की!"

वर्ग सुटल्यावर मी त्याला जिन्यात गाठलं. "काय होतं ते? न सांगितलेलं?"

"नाही सांगता येणार, डॉक्टर."

"घंटा वाजली की आता."

"घंटा वाजली की भूमिका संपते. गुपित नाही संपत." तो हसला. त्याच्या डाव्या गालाला हसताना एक बारीकशी घडी पडते. हे टिपून ठेवण्याचं मला काहीच कारण नव्हतं.

"आणि मी डॉक्टर नाहीये अजून."

"मीही सुतार नाहीये. चष्म्याच्या दुकानात असतो. काकांचं दुकान आहे, मी डोळे तपासतो. रविवारी हे. नाटकाचं वेड होतं, नाटक करणारे मित्र पांगले, वेड राहिलं."

त्यानंतर दर रविवारी आम्ही तो जिना फार हळू उतरू लागलो. तो मला माझ्या चुका सांगायचा, आणि तरी त्या चुका माझ्याच आहेत याचं मला वाईट वाटायचं नाही. "तुम्ही भुवई वर केलीत की पेशंटला वाटतं, आपण नापास झालो," म्हणायचा. मी आरशात भुवई बघायचे. आई विचारायची, "आता हे काय नवीन?"

आणि मग मी त्याला दुसऱ्या मुलीसमोर बसलेलं पाहिलं. ती वर्गातली फिजिओथेरपीवाली, गोड आवाजाची. तिने विचारलं, "आणखी काही?" आणि हात मांडीवर ठेवून शांत बसली. तो तिच्याकडे बघत राहिला, अगदी तसाच, जसा माझ्याकडे बघायचा, आणि त्याचे डोळे भरून आले. खरे अश्रू. घंटा वाजली. त्याने रुमालाने डोळे टिपले आणि विचारलं, "चहा सांगू का सगळ्यांना?"

मी चहा न घेताच निघाले.

प्रयोगशाळेत आम्ही आधी कोरा नमुना चालवतो. अगदी शुद्ध पाणी. यंत्र स्वतःहून काय दाखवतंय ते आधी समजलं, की मगच खऱ्या नमुन्याच्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो. या माणसाचा कोरा नमुना माझ्याकडे नव्हता. त्याचं कुठलं बघणं त्याचं स्वतःचं आणि कुठलं बाईंनी दिलेलं? आणि मला त्याचं काय पडलं होतं? अर्जाची मुदत जवळ आली होती, निवेदन होत नव्हतं, आणि मी एका गालाच्या घडीचा विचार करत बसले होते. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं हे मला कळत होतं. ते कुठे होतं, ते कळत नव्हतं.

शेवटी मी त्याच्या दुकानात गेले. वाचताना धूसर दिसतं, असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. निम्मं खोटं होतं.

काका पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होते. आतल्या अरुंद खोलीत त्याने मला उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर ती जड चौकट ठेवली आणि भिंगं बदलायला लागला.

"पहिलं बरं... की दुसरं?"

"परत दाखवा."

"पहिलं. दुसरं."

"दोन्ही सारखीच."

"दोन्ही हे उत्तर इथे चालत नाही. एक निवडायचं."

"पहिलं. नाही, दुसरं. तुम्ही घाई करताय."

"मी? मी तर दिवसभर इथेच आहे."

मग त्याने चौकट काढली आणि एक छोटी पट्टी माझ्या डोळ्यांसमोर आडवी धरली. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं होतं. "माझ्या या डोळ्याकडे बघा. आता या." त्याचा श्वास माझ्या गालाला लागत होता. त्याने मोजलं. पुन्हा मोजलं.

"किती वेळा मोजता?"

"तुम्ही हलताय."

"मी हलत नाहीये."

"मग... मी हलत असेन."

पट्टी खाली आली. आता माझा गोंधळ वाढलाच. रोज किती लोकांच्या डोळ्यांत हा माणूस असं बघत असेल! ते तर त्याचं कामच. कोरा नमुना मिळवायला आले होते आणि नेमकी डोळे तपासणाऱ्याकडे आले होते.

"डोळे उत्तम आहेत," तो म्हणाला. "काय वाचताना धूसर दिसतं?"

मी पर्समधून निवेदनाचा मसुदा काढून दिला. त्याने मोठ्याने वाचलं, "'लहानपणापासूनच मानवसेवेची तळमळ माझ्या अंतःकरणात तेवत आहे.' कुणाच्या?"

"माझ्या. तसंच लिहितात."

"हे वाचून मलाही धूसर दिसायला लागलं हो!"

मला हसू आलं आणि रडूही. "मग काय लिहू? विज्ञान आवडतं, चांगले गुण आहेत, नोकरी पक्की असते..."

"आणखी काही?"

"नाही."

तो भिंगं एकेक करून पेटीतल्या खाचांत ठेवत राहिला. पंखा फिरत होता. बाहेर काका कुणाला तरी सांगत होते की काळी फ्रेम चेहऱ्याला शोभते. मला ती शांतता भरून काढायची सवय होती; या वेळी भरायला जवळ काहीच नव्हतं, म्हणून जे होतं तेच बाहेर आलं.

"एक बाई आली होती. प्रयोगशाळेत. तिच्या विहिरीच्या पाण्याचा अहवाल न्यायला. पाणी वाईट होतं. मी अहवाल दिला. तिने तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, 'मग माझ्या मुलाला काय झालंय?' मी म्हटलं, ते आम्ही सांगत नाही, डॉक्टरांकडे जा. बरोबरच होतं ते. पण ती गेली नाही. उभीच राहिली. मी दुसऱ्या बाटलीचं झाकण उघडलं... तरी उभी. मला वाटलं, ही जिथे जाऊन हे विचारणार आहे ना, तिथे मी असायला हवं होतं."

त्याच्या हातातलं भिंग तसंच राहिलं.

"हे लिही," तो म्हणाला. मग दचकला. "सॉरी. एकदम अगंतुगं झालं."

"असू दे," मी म्हटलं. "लिहिते."

आणि लिहिलं. तळमळ नाही, अंतःकरण नाही. फक्त ती बाई, विहीर आणि मी उघडलेलं झाकण. अर्ज पाठवला. काही आठवड्यांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. बाबांनी ते दोनदा वाचलं. आई म्हणाली, "आता मात्र तिथे बोल गं बाई." आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगावंसं वाटलं, त्याला सांगितल्यावर तो "वा!" म्हणाला, फार मोठ्याने म्हणाला, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत राहिला. दुकानातला. विकायचा.

मला काय हवं होतं? निवड व्हायला हवी होती. निवड झाली की जावं लागणार होतं. जायच्या कल्पनेने आनंद व्हायचा, आणि तो आनंद पुरता व्हायच्या आत कुठेतरी अडकायचा. एका वेळी दोन उलट आकडे दाखवणारं यंत्र मी दुरुस्तीला पाठवलं असतं.

मुलाखतीच्या आधीचा शेवटचा सराव. तो समोर येऊन बसला. बाई कोपऱ्यात, हातात घंटा.

"या. काय त्रास होतोय?"

"झोप लागत नाही."

मी विचारत गेले. कधीपासून, कामाच्या वेळा काय, जेवण कसं. त्याची रात्रपाळी असते म्हणे, कारखान्यात. डोळ्यांखाली काळं दिसत होतं. रंग लावला असेल का? मी भुवई खाली ठेवली.

"आणखी काही सांगायचंय?"

आणि मी थांबले. हात मांडीवर. जिभेवर 'नाही ना?' आलं होतं, ते गिळलं. खिडकीच्या काचेवरून पाण्याचा एक थेंब घसरला, दुसऱ्याला मिळाला, खाली गेला. तो माझ्याकडे बघत नव्हता. पहिल्यांदाच. स्वतःच्या बोटांकडे बघत होता.

"एक ओळखीची व्यक्ती आहे," तो हळूच म्हणाला. "ती लांब जाणार आहे. तिने जावं असं मनापासून वाटतं. आणि रात्री वाटतं... जाऊ नये."

"त्यांना सांगितलंत का हे?"

"नाही. तिचाच एवढा गोंधळ चाललाय. त्यात माझी भर कशाला?"

बाईंची घंटा जरा उशिराच वाजली.

"थांबलीस," बाई म्हणाल्या. "आता जमेल तुला." त्याच्याकडे बघून त्या काहीतरी बोलणार होत्या. मग नुसताच चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाल्या, "दार ओढून घ्या जाताना."

आम्ही जिना उतरलो. वळणावरच्या खिडकीपाशी मी उभी राहिले. तोही. ती त्याचीच पायरी होती, अपेंडिक्सची.

"बाईंनी काय दिलं होतं? न सांगायचं?"

"घंटा वाजली ना?"

"मघाशीच."

"रात्रपाळी दिली होती. आणि नोकरी जायची भीती, ती लपवायची होती." त्याने कठड्यावर बोट फिरवलं. "ती राहूनच गेली."

माझ्या छातीत जे काही चाललं होतं त्याला पुस्तकात लांबलचक नाव आहे. त्या वेळी आठवलं नाही.

"मग ते दुसरं...?"

त्याचं कठड्यावरचं बोट थांबलं. मला सवयीने बोलायचं होतं, काहीही. पाऊस, मुलाखत, छत्री. मी त्याच्याकडे पाहिलं. घंटा नाही, बाई नाही, समोर बसलेली दुसरी कुणी नाही. हातांना धड जागा सापडत नव्हती त्याला. अभिनयात हा माणूस इतका वाईट कधीच नव्हता.

हाच तो कोरा नमुना. मी ओळखला.

"आणखी काही सांगायचंय?" मी विचारलं, आणि वाट पाहिली.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. "जिन्यात कपाळावर हात ठेवलास ना, तेव्हापासून. तू नक्की जा. पण मी... मी काय करू, ते नाही कळत मला." मग त्याने अगदी दुकानातल्या आवाजात विचारलं, "पहिलं की दुसरं?"

मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. गारच होतं.

"दोन्ही," मी म्हटलं.

"दोन्ही चालत नाही."

"दुकानात नसेल चालत," मी म्हटलं आणि छत्री उघडली. जिन्यात छत्री उघडायची नसते, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.