दानफलकावरून गेलेली ठमी

"माझ्या बायकोचं नाव कोनीतरी काढलंय, बाय. कोनी ते मला कळायला पायजे."

काशीदचे चांगदेव पाटील खुर्चीच्या कडेवर बसले होते. अलिबागच्या कोर्टामागे राही म्हात्रेचं छोटं ऑफिस होतं. राही खासगी तपासाची कामं घ्यायची, आणि बेलिफ म्हणून निवृत्त झालेले हरेश्वर तिला मदत करत. हरेश्वरांनी वहीत 'नावाची चोरी' असं लिहिलं आणि लगेच खोडलं.

हकीकत साधी होती. चांगदेव आणि ठमी या नवराबायकोने आपली नारळाची वाडी एका संस्थेला डायलिसिस केंद्रासाठी दिली होती. जमीन कागदावर चांगदेवांची, म्हणून पावती त्यांच्या एकट्याच्या नावाची. पण वाडी शिंपून वाढवली ठमीने. म्हणून संस्थेने दानाचा मान दोघांना दिला. केंद्राच्या दारातल्या टीव्हीसारख्या पडद्यावर दोघांची नावं शेजारी दिसायची. गेल्या वर्षी गणपतीनंतर ठमी वारली. आणि महिन्यापूर्वी संस्थेने नवा पडदा लावला, त्यावर चांगदेव एकटेच होते.

"उद्या हीच यादी दगडावर कोरनार हायत," ते म्हणाले. "एकदा कोरलं की कोन बदलतंय?"

"आधी त्यांचं नाव होतं, याचा काही पुरावा?"

त्यांनी खिशातून पाकीट काढलं. गेल्या वर्षीच्या दिवाळीचं संस्थेचं आभारपत्र, ठमीच्या नावाचं. पाकीट फोडलेलं नव्हतं.

"ती गेल्यावर आलं. न्हाय फोडवलं मला. यंदा माझं एकट्याचंच आलं."

तासाभराने तिघं केंद्रात पोचले. संगणकावर काम करणारी मृणाली दाराकडे पाठ करून बसली होती.

"हाय का कोनी?" चांगदेवांनी विचारलं.

"या ना, चांगदेवकाका," असं म्हणून ती वळली.

"मी हिला पयल्यांदाच बघतोय," चांगदेव हरेश्वरांच्या कानाशी म्हणाले. राहीलाही ते ऐकू गेलं.

"ठमीबाईंचं नाव कसं गेलं?" राहीने विचारलं.

"माहीत नाही, ताई. मशीनचं काहीतरी झालं असेल." मृणाली कीबोर्डकडे बघत राहिली.

संस्थेचे अध्यक्ष गणराज ठाकूर प्रश्न ऐकूनच तापले. "हो, मीटिंगमध्ये म्हणालो होतो मी, एका दानाला एक नाव पुरे. दगड लहान आहे. पण माझं ऐकतंय कोण इथे?"

हिशेबनीस सुजितने हात झटकले. "मी पावत्या बघतो. मानाची यादी माझ्याकडे नाही. नवीन पडद्यावर त्या देणगीदार अमिषाबाईही दिसत नाहीत, पनवेलहून फोन करून ओरडल्या माझ्यावर. माझं काम आभारपत्रांची पाकिटं भरायचं. यंदा दोन कमी भरली, तेवढाच आराम."

राही पडद्यासमोर उभी राहिली. तुकाराम भगत आणि त्यांची बायको, दोन्ही नावं तिथे होती.

"हे तुकाराम?"

"तीन वर्षं झाली जाऊन," सुजित म्हणाला.

हरेश्वर तिला बाजूला घेऊन कुजबुजले, "गणराजच. बोलून दाखवलंय त्याने."

"गणराजने जोडीतलं एक नाव काढायला लावलं असतं, तर तुकारामांच्या घरचंही एक गेलं असतं."

"मग मेलेल्यांची नावं काढली असतील."

"तुकाराम आहेत की अजून. आणि अमिषाबाई जिवंत असून नाहीत. सगळ्यांना बोलवा, काका."

सगळे जमले. राही हळू बोलत होती.

"दोन नावं गेली. पाकिटंही दोनच कमी झाली. अमिषाबाईंनी पत्रं बंद करायला सांगितली होती. खरं ना, मृणाली?"

मृणालीने मान हलवली. "मोबाईलवरच कळवा म्हणाल्या."

"नवा पडदा तू बनवलास. त्याची यादी तू पत्रांच्या यादीवरून घेतलीस. ज्याचं पत्र बंद, त्याचा मानही बंद झाला. पत्र कोणाला पाठवायचं आणि मान कोणाचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझ्याकडून त्या एक झाल्या. तुकारामांचं पत्र कुणी बंद केलं नाही, म्हणून ते राहिले."

"म्हणजे ठमीबाईंचं पत्र कुणीतरी बंद केलं," हरेश्वर म्हणाले. "कुणी?"

राही चांगदेवांकडे वळली. हे बोलणं तिला जड जात होतं.

"मृणालीने काकांना कधी पाहिलं नव्हतं. तरी वळायच्या आधी तिने त्यांना नावाने हाक मारली. आवाज ओळखीचा होता. फोनवर ऐकलेला. काका, गेल्या वर्षी दिवाळीत ते पाकीट हातात पडलं, तेव्हा तुम्ही इथे फोन केला होता?"

चांगदेव भिंतीचा आधार घेऊन खाली बसले.

"व्हय. केला व्हता. म्हनालो, तिच्या नावाचं आता काय पन पाठवू नका." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "म्हंजे मीच काढलं तिला."

"नाही, काका," मृणाली पुढे आली. "तुम्ही फक्त पत्र बंद करायला सांगितलंत. नाव माझ्या चुकीने गेलं. तक्रार आल्यावर नोंद बघितली, तेव्हा कळलं मला."

"मग मशीनवर का ढकललंस?" गणराज ओरडले. "उद्या दगड कोरणार आहेत!"

"चूक सांगायची तर तो फोनही सांगावा लागला असता." ती चांगदेवांसमोर खाली बसली. "तुम्ही फोनवर रडत होतात, काका. तुमच्यामुळे गेलं असं वाटलं असतं तुम्हाला. ठमीबाईंचं नाव रात्रीतून गुपचूप परत बसवून देणार होते मी."

हरेश्वरांनी वही मिटली.

चांगदेव भिंतीला धरून उठले आणि तिच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

"बस, पोरी. माझ्यासमोर लिही," ते म्हणाले. "तिचं पयलं. मंग माझं."